सोरचा नाश : एका ग्रंथातील दोन भविष्ये

इतिहासाच्या तासाला फिनिशियन व्यापाऱ्यांची माहिती सांगून झाली होती. तास संपल्यावर नववीचा एक विद्यार्थी माझ्या मागोमाग शिक्षकांच्या खोलीपर्यंत आला. मुलगा हुशार, वाचनाची आवड असलेला, आणि त्या दिवसांत वक्तृत्व स्पर्धेची तयारी करीत होता. त्याच्या हातात एक लहानशी पुस्तिका होती. तो म्हणाला, "सर, आज तुम्ही ज्या सोर शहराविषयी सांगितले, त्याच्याबद्दल यात फार गमतीची गोष्ट आहे. बायबलमधल्या एकाच ग्रंथात एके ठिकाणी म्हटले आहे की बुख्तनस्सर सोरचा नाश करील. आणि तीन अध्याय पुढे म्हटले आहे की त्याला सोरमधून काहीच मिळाले नाही. म्हणजे त्यांचे पुस्तक खोटे ठरले ना?"

त्याच्या त्या "ना?" मध्ये शाबासकीची अपेक्षा होती, हे वेगळे सांगावयास नको. मी विचारले, "मूळ ग्रंथ वाचलास का?" तो म्हणाला, "नाही सर." खरे सांगावयाचे तर मीही तो भाग सलग वाचलेला नव्हता. आमच्या शाळेतील एका ख्रिस्ती सहकाऱ्यांकडून मराठी बायबल मागून घेतले. देताना ते एवढेच म्हणाले, "वाचा सर, आणि जे सापडेल ते मलाही सांगा." या एका वाक्याने माझी जबाबदारी वाढली. विद्यार्थ्याला उत्तर देणे सोपे होते. पण जे उत्तर या सद्‌गृहस्थांसमोर बसून देता येणार नाही, ते वर्गात देण्याचा मला काय अधिकार?

धर्मग्रंथांतील विसंगतींवरून वाद घालण्याची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. एप्रिल १८५४ मध्ये आग्रा येथे मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांच्यात गाजलेला मुनाजरा झाला. मौलानांच्या बाजूने डॉ. वजीर खान होते. या मंडळींनी प्रतिपक्षाचे ग्रंथ आणि त्यांच्यावरील युरोपीय पंडितांची टीका बारकाईने वाचलेली होती, ही गोष्ट आज पुस्तिका हाती धरून वाद घालणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. १८५७ नंतर मौलाना मक्केला गेले आणि कलकत्त्याच्या सौलतुन्निसा बेगम यांच्या देणगीतून त्यांनी तेथे मदरसा सौलतिया उभारला. वाद घालणाऱ्याचे अखेरचे मोठे काम शाळा काढणे हे असावे, हे मला नेहमी फार अर्थपूर्ण वाटत आले आहे. असो.

आता मूळ विषयाकडे वळू. मराठी बायबलमध्ये ज्याला सोर म्हटले आहे, त्या शहराला ग्रीकांनी टायर म्हटले. अरबीत ते सूर आहे. (हा सूर 'साद' या अक्षराने लिहितात, कुरआन शरीफच्या अध्यायाला आपण सूरह म्हणतो, ते 'सीन'ने. दोहोंचा काही संबंध नाही.) आजच्या लेबनॉनच्या दक्षिण किनाऱ्यावर हे शहर आहे. प्राचीन काळी त्याचे दोन भाग होते. एक किनाऱ्यावरची जुनी वस्ती, आणि दुसरा, समुद्रात सुमारे पाऊण किलोमीटर आत असलेल्या खडकाळ बेटावरचे तटबंदीचे नगर. बेटाला उत्तरेस एक आणि दक्षिणेस एक अशी दोन बंदरे होती. समुद्रातील गोगलगायींपासून काढलेला जांभळा रंग हे सोरचे वैभव. त्या रंगाचे कापड राजेलोकच वापरू शकत. हजरत सुलेमान (अ. स.) यांनी जेरुसलेममध्ये प्रार्थनामंदिर बांधले तेव्हा सोरचा राजा हीराम याने देवदाराचे लाकूड व कारागीर पुरविले, असे बायबल सांगते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कार्थेज हे बलाढ्य शहर सोरच्याच लोकांनी वसविले. परंपरेने त्याचे साल इ. स. पू. ८१४ देतात.

ज्यांच्या नावावर वादग्रस्त ग्रंथ आहे ते यहेज्केल हे जेरुसलेमचे याजक. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यहूदी राजाला व प्रतिष्ठित लोकांना कैद करून नेले, त्यांत हेही होते. हा बाबेलचा राजा म्हणजे बायबलमधला नबुखद्‌नेस्सर, आपल्याकडे परिचित असलेला बुख्तनस्सर. पुढे दहा-अकरा वर्षांनी त्याने जेरुसलेम जाळले, मंदिर पाडले. त्या बातमीने सोरला आनंद झाला, एक प्रतिस्पर्धी कमी झाला असे त्याला वाटले, असा ठपका यहेज्केलच्या २६ व्या अध्यायात आहे आणि त्यावरच शिक्षेचे भविष्य सांगितले आहे. पुष्कळ राष्ट्रे समुद्राच्या लाटांप्रमाणे चालून येतील; तट पडतील; माती खरवडून जाऊन उघडा खडक राहील; तेथे कोळी आपली जाळी वाळत घालतील. मग नबुखद्‌नेस्सरचे नाव स्पष्टपणे येते. तो घोडे, रथ, सैन्य घेऊन येईल, मोर्चे बांधील, त्याच्या घोड्यांच्या टापांखाली रस्ते तुडवले जातील. पुढे दगड, लाकूड, माती पाण्यात टाकली जाईल. शहर पुन्हा कधी बांधले जाणार नाही. शोधले तरी सापडणार नाही.

हे भविष्य इ. स. पू. ५८७-५८६ च्या सुमाराचे. आता २९ वा अध्याय पाहा. तेथील संबंधित भागावर सत्ताविसाव्या वर्षाची तारीख आहे, म्हणजे इ. स. पू. ५७१. सबंध ग्रंथातली ही सर्वांत उशिराची तारीख आहे. तेथे म्हटले आहे की, नबुखद्‌नेस्सरने आपल्या सैन्याकडून सोरपुढे फार कष्ट करून घेतले. ओझी वाहून प्रत्येक शिपायाच्या डोक्याचे केस गेले, खांदे सोलून निघाले. पण त्याला किंवा त्याच्या सैन्याला त्या श्रमाची मजुरी सोरकडून मिळाली नाही. म्हणून त्या बदल्यात त्याला मिसर देश देण्यात येईल.

मधल्या पंधरा-सोळा वर्षांत काय घडले हे इतिहासाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील यहूदी इतिहासकार योसेफस याने फिनिशियन बखरींच्या आधारे लिहून ठेवले आहे की नबुखद्‌नेस्सरने सोरला तेरा वर्षे वेढा दिला. बाबेलचे सैन्य जमिनीवरचे. सोरचे लोक दर्यावर्दी. किनाऱ्यावरची गावे गेली, पण बेटाला रसद समुद्रमार्गे मिळत राहिली. अखेर काहीतरी समझोता झाला असला पाहिजे. कारण त्यानंतरही सोरमध्ये राजे आणि न्यायाधीश होते, त्यांची नावेही योसेफसने दिली आहेत. शहराने बाबेलचे स्वामित्व मानले, पण ते लुटले गेले नाही आणि उघडा खडकही झाला नाही. तेरा वर्षे ओझी वाहणाऱ्या शिपायाला लूट हाच पगार असे, तो बुडाला. २९ व्या अध्यायाचे वाक्य म्हणजे त्या शिपायांचा गाऱ्हाण्याचा अर्जच म्हणावा.

मिसरचे काय झाले? बाबेलची एक फुटकी मृत्तिकापट्टी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजाच्या सदतिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ५६८-५६७ मध्ये, मिसरच्या अमासिस राजावर मोहीम निघाल्याचा तीत उल्लेख आहे. स्वारी झाली असावी. पण देश जिंकला गेला नाही. अमासिसची राजवट पुढे इ. स. पू. ५२६ पर्यंत भरभराटीत चालली. मिसर पडला तो इराण्यांच्या हातून, इ. स. पू. ५२५ मध्ये. म्हणजे सोरच्या बदल्यात जे द्यावयाचे होते, तेही नबुखद्‌नेस्सरच्या पदरात पूर्णपणे पडले नाही.

येथपर्यंत वाचून झाल्यावर माझा विद्यार्थी खूष झाला. पण प्रकरण येथे संपत नाही. इ. स. पू. ३३२ मध्ये सिकंदर या किनाऱ्यावर आला. बेटावरील मेलकार्त दैवताला आपण स्वतः बळी अर्पण करू, असा निरोप त्याने पाठविला. सोरच्या लोकांनी ओळखले की मूर्तीच्या निमित्ताने शहर ताब्यात जाणार, आणि त्यांनी नकार दिला. सिकंदराजवळ त्या वेळी आरमार नव्हते. तेव्हा त्याने बेटापर्यंत समुद्रात भराव घालण्याचे ठरविले. किनाऱ्यावरची जुनी वस्ती पाडून तिचे दगड, लाकूड, माती पाण्यात लोटण्यात आली. सोरच्या लोकांनी जळते जहाज त्या बांधावर आणून आदळले, बुरूज जाळले. सिकंदराने बांध पुन्हा रुंद केला. दरम्यान सीदोन, सायप्रस वगैरेंची दोनशेहून अधिक जहाजे त्याला येऊन मिळाली. सात महिन्यांनी तट फुटला. आठ हजार लोक मारले गेले आणि तीस हजार गुलाम म्हणून विकले गेले, असे आकडे ग्रीक इतिहासकार आरियन देतो. पुढे त्या बांधाच्या दोन्ही बाजूंस वाळू साचत गेली आणि बेटाचे द्वीपकल्प झाले. आज त्या बांधावर शहराची वस्ती आहे.

दगड, लाकूड आणि माती पाण्यात टाकली जाईल, हे यहेज्केलचे शब्द आणि सिकंदराने केलेले काम यांतील साम्य पाहून वाचक क्षणभर थबकतो, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. अनेक ख्रिस्ती विद्वानांनी विसंगती सोडविली ती याच आधाराने. ते म्हणतात, मजकुरात नबुखद्‌नेस्सरविषयी बोलताना 'तो' असा एकवचनी प्रयोग आहे, आणि लूट व दगडमाती यांच्या वाक्यापासून 'ते' असा अनेकवचनी प्रयोग सुरू होतो. म्हणजे पुढचे काम पुष्कळ राष्ट्रांनी करावयाचे होते. युक्तिवाद चांगला आहे. व्याकरणाचा शिक्षक त्याला पाचपैकी तीन गुण देईल. पण 'ते' म्हणजे त्याच राजाचे सैन्य, असाही सरळ अर्थ होतो. शिवाय २९ व्या अध्यायाचा सूर (हा मराठीतला सूर) असा आहे की, नबुखद्‌नेस्सरला सोरमधून मजुरी मिळावयास हवी होती आणि ती मिळाली नाही. लूट दुसऱ्याच कुणाच्या वाट्याची असती, तर हा खुलासा करण्याची गरजच नव्हती.

आणि सिकंदरानंतरही सोर संपले नाही. अवघ्या सतरा वर्षांनी त्याचा सेनापती अँटिगोनस याला त्याच शहरापुढे पंधरा महिने वेढा घालून बसावे लागले. रोमन काळात तेथे भव्य घोडशर्यतीचे मैदान झाले. त्याचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. ख्रिस्ती धर्माचे पौल तेथे सात दिवस राहिल्याचे बायबलच्याच नव्या करारात आहे. इसवी सनाच्या सातव्या शतकात शहर मुसलमानांच्या ताब्यात आले. १०४७ मध्ये नासिर खुसरो तेथे गेला तेव्हा त्याला पाच-सहा मजली घरे आणि संपन्न बाजार दिसले. ११२४ मध्ये ते क्रुसेडवाल्यांनी घेतले. ११८४ मध्ये इब्न जुबैर याने तेथे एका ख्रिस्ती लग्नाची मिरवणूक पाहिली. ती पाहण्यासाठी मुसलमान व ख्रिस्ती दोघेही दुतर्फा उभे होते, असे तो लिहितो. युद्धाच्या काळातले हे वर्णन मला सर्व लढायांच्या वर्णनांपेक्षा अधिक मोलाचे वाटते. सुलतान सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतले, पण १८८ नव्हे, हे साल नीट लिहावे, ११८८ च्या आरंभी सोरचा वेढा त्याला उठवावा लागला. म्हणजे नबुखद्‌नेस्सरच्या शिपायांचे दुःख समजणारे लोक आपल्याही इतिहासात आहेत. शेवटी १२९१ मध्ये मामलुकांनी शहर घेतले आणि तट पाडले. १३२६ मध्ये इब्न बतूता आला तेव्हा ते बहुतांशी उद्‌ध्वस्त होते. १६९७ मध्ये हेन्री मॉन्ड्रेल हा इंग्रज पाद्री आला. त्याला अवशेषांत राहणारे थोडे गरीब कोळी दिसले आणि त्याला तत्काळ यहेज्केलची आठवण झाली.

येथे वाचकांनी जरा थांबावे. १६९७ चा प्रवासी साक्षीला बोलावला तर भविष्य खरे. १०४७ चा बोलावला तर खोटे. मॉन्ड्रेलनंतर अठराव्या शतकात शहर पुन्हा उभे राहू लागले. १९८४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्रायलच्या हवाई हल्ल्यांत तेथील इमारती कोसळल्या आणि हजारो लोकांना घरे सोडून जावे लागले. म्हणजे सोडून जाण्यास तेथे हजारो लोक होते. बंदरात कोळी अजून जाळी वाळत घालतात. पण ज्या गावात मासेमारी चालते त्या प्रत्येक गावात ते दिसणारच.

दुसरी एक उकल मला अधिक जवळची वाटली, कारण ती आपल्याही परंपरेत आहे. शिक्षेची घोषणा म्हणजे अटळ निकाल नव्हे, तो इशारा असतो. लोक सुधारले तर तो मागे घेतला जातो. यिर्मयाच्या ग्रंथात हा नियम स्पष्ट सांगितला आहे. हजरत यूनुस (अ. स.) यांच्या लोकांची हकीकत बायबलमध्येही आहे आणि सूरह यूनुसमध्येही आहे: अजाब येणार होता, त्यांनी ईमान आणले, अजाब टळला. पण सोरच्या लोकांनी पश्चात्ताप केल्याचे यहेज्केलमध्ये कुठेही नाही. त्यामुळे ही उकल येथे बसत नाही, हे नाइलाजाने म्हणावे लागते. यशयाच्या ग्रंथात तर तिसरेच आहे: सोर सत्तर वर्षे विस्मृतीत जाईल आणि मग पुन्हा व्यापाराला लागेल.

माझे मत असे झाले आहे. त्या काळी शहरांच्या नाशाविषयी बोलण्याची एक ठरीव भाषा होती. इराकमधल्या उर शहराच्या नाशावरचे विलाप यहेज्केलपूर्वी हजाराहून अधिक वर्षे लिहिले गेले होते. उघडा खडक, न सापडणारे नाव, थांबलेली गाणी ही त्या भाषेतली शब्दकळा आहे. ते मोजणीदाराचे टिपण नव्हे. तरीही नबुखद्‌नेस्सरचे नाव घेऊन जे सांगितले होते ते तसे घडले नाही, आणि हे सर्वांआधी यहेज्केलच्या ग्रंथानेच लिहून ठेवले. पहिले भविष्य खोडून टाकणे सहज शक्य होते. फेरफार करणारा हात येथून फिरला असता, तर सर्वांत आधी हे पान गेले असते. दोन्ही पाने तारखांसह जपली गेली, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने पुराव्याची गोष्ट आहे. ज्याला ती पुस्तिका ग्रंथाची चोरी म्हणून दाखवीत होती, ती मला प्रामाणिकपणाची खूण वाटली.

मग मी विद्यार्थ्याला म्हटले, "हीच मोजपट्टी आता आपल्याकडे लावू." तो थोडा दचकला. कौमे समूदचा नाश कशाने झाला? सूरह अल-आराफमध्ये 'रजफा' म्हणजे भूकंप आहे, सूरह हूदमध्ये 'सैहा' म्हणजे भयंकर आवाज, आणि सूरह हा-मीम सजदामध्ये 'साइका' म्हणजे विजेचा कडकडाट. ही तीन कारणे की एकाच घटनेची तीन अंगे? मुफस्सिरांनी दुसरे उत्तर दिले आहे, आणि भूकंपाबरोबर गडगडाट होतो हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ते पटण्यासारखे आहे. परंतु पट्टी येथे थांबत नाही. अरबस्तानातील अल-हिज्र, ज्याला मदाइन सालेह म्हणतात, ते समूदचे स्थान मानले जाते. इ. स. ६३० मध्ये तबूककडे जाताना हजरत पैगंबर (स. अ.) तेथून गेले आणि साथीदारांना रडत रडत पुढे जाण्यास सांगितले, अशी हदीस आहे. तेथे डोंगरात कोरलेल्या ज्या भव्य दर्शनी इमारती आज दिसतात, त्या शिलालेखांवरून नबाती लोकांच्या कबरी ठरल्या आहेत, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे कोरलेल्या. उलट समूद हे नाव असिरियाच्या सारगोन राजाच्या इ. स. पू. ७१५ च्या मोहिमेच्या नोंदीत आढळते, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातही त्याच नावाचे लोक रोमन साम्राज्याच्या सीमेवर शिलालेखात भेटतात.

"मग, सर?" त्याने विचारले.

मी म्हटले, कुरआन शरीफमध्ये समूदचे साल दिलेले नाही आणि या विशिष्ट दर्शनी भिंती त्यांच्याच, असेही म्हटलेले नाही. ती जोड माणसांनी दिली आहे. एकाच जागी आधी एक लोक आणि नंतर दुसरे लोक राहू शकतात. एकाच नावाचे उरलेले लोक दुसरीकडे राहू शकतात. हे उत्तर मला पटते. पण माझ्या ग्रंथासाठी मी एवढी सवड मागत असेन, तर यहेज्केलच्या वाचकालाही त्याची बाजू मांडण्यास तेवढीच सवड दिली पाहिजे, मग अखेरीस ती बाजू मला पटो वा न पटो.

बायबल परत करताना मी सहकाऱ्यांना हे सर्व सांगितले. त्यांचा ग्रंथ सोरच्या बाबतीत पहिल्या भविष्याप्रमाणे घडले असे दाखवीत नाही, हेही सांगितले. त्यांना ते पूर्णपणे मान्य झाले नाही. त्यांचा भर सिकंदराच्या बांधावर होता. आम्ही मधल्या सुट्टीत दोन दिवस त्यावर बोललो आणि चहाचे पैसे आळीपाळीने दिले.

विद्यार्थ्याने स्पर्धेसाठी 'बायबलमधील विसंगती' हा विषय सोडला आणि 'सोरचे वेढे' हा घेतला. सात मिनिटांची वेळ होती. सिकंदराचा बांध सांगण्यातच त्याची पाच मिनिटे गेली, त्यामुळे यहेज्केलपर्यंत तो पोहोचलाच नाही. बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांनी मात्र त्याला थांबवून विचारले की ते बेट आता कुठे आहे, आणि त्याने खिशातून नकाशाचा कागद काढून दाखविला.